पाणी कुठवर येईल?

मागच्या खेपेला आपण प्रमाणांची चर्चा करता करता शब्दप्रमाणापाशी येऊन थांबलो होतो. तेव्हा मी म्हणालो होतो की, पुढच्या वेळी एका पुराची गोष्ट सांगेन. संयोजकांच्या चेहऱ्यावर तेव्हा थोडी काळजी दिसली. (हशा) पण विषय तोच आहे, आज फक्त तो वर्गाबाहेर काढून नदीकाठी नेऊ या.

नदी आपली नाही, फार दूरची आहे. कॅलिफोर्नियातली सॅक्रामेंटो आणि तिला येऊन मिळणारी अमेरिकन नदी. २०२२च्या डिसेंबरात मी मुलीकडे सॅक्रामेंटो शहरात होतो. तिचं घर नटोमास नावाच्या भागात आहे. सपाट जमीन, नवी घरं आणि चारी बाजूंनी मातीचे उंच बांध. आपली मराठी मंडळीही तिथे बरीच आहेत. नाताळानंतर पाऊस सुरू झाला तो थांबेचना. तीन आठवड्यांत नऊ वादळं येऊन गेली. रात्री वीज जायची, मोठमोठी झाडं मुळासकट पडायची. उघडीप मिळाली की मी बांधावर फिरायला जात असे. तिथे एक वयस्कर गृहस्थ रोज भेटायचे. एके दिवशी मी म्हटलं, पाणी बरंच चढलंय. ते म्हणाले, हे काहीच नाही, १८६२ वाचा.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वाचा म्हटलं की वाचतो, त्याला इलाज नाही. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी भूगोल समजून घ्या. कॅलिफोर्नियाच्या मधोमध एक लांबलचक खोरं आहे. लांबी सुमारे ७०० किलोमीटर. पश्चिमेला किनाऱ्यालगतचे डोंगर, पूर्वेला सियेरा नेवाडा. या स्पॅनिश नावाचा अर्थच बर्फाळ डोंगररांग. दोन्ही बाजूंचं पाणी या खोऱ्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट जवळजवळ एकच, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जाणारी अरुंद सामुद्रधुनी. न्हाणीघर मोठं आणि मोरी एवढीशी. वर चार नळ एकदम सोडले तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता नळ कुठले? हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून, कधीकधी थेट हवाई बेटांकडून, बाष्पाचे लांब पट्टे किनाऱ्याकडे येतात. काही शे किलोमीटर रुंद, काही हजार किलोमीटर लांब. हवामानशास्त्रज्ञ १९९०च्या दशकापासून त्यांना वातावरणातल्या नद्या म्हणू लागले. नाव काव्यमय वाटेल, पण हिशेब रोकडा आहे. एका जोरदार पट्ट्यातून वाहणारं बाष्प मिसिसिपी नदीच्या मुखाशी वाहणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असू शकतं. हा पट्टा डोंगराला धडकला की वर चढतो, थंड होतो आणि ओततो. हे तुम्हाला कळायला अवघड नाही. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर जूनमध्ये हेच तर होतं.

फरक एवढाच की सह्याद्रीवर बर्फ पडत नाही. सियेराची शिखरं चार हजार मीटरवर जातात. तिथे पाऊस पडतो तो बहुतांशी हिमरूपात. ते हिम डोंगरावर साठून राहतं आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून खाली येतं. म्हणजे ती डोंगरात ठेवलेली मुदत ठेवच. अडचण केव्हा येते? थंड वादळांनी भरपूर बर्फ टाकलं आणि पाठोपाठ उबदार वादळ आलं, की हिमरेषा वर सरकते, बर्फावर पाऊस पडतो आणि ठेव मुदतीआधी मोडते. सगळी एकदम.

१८६१च्या हिवाळ्यात हेच झालं. नोव्हेंबरपासून सियेरावर जबर हिमवर्षाव झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा अचानक उबदार झाली आणि धो धो पाऊस सुरू झाला. उत्तरेला ऑरेगनमध्ये विलामेट नदीनं शॅम्पूएग गाव धुऊन नेलं. अठरा वर्षांपूर्वी तिथल्या वसाहतवाल्यांनी याच गावात मतदान करून आपलं पहिलं सरकार उभारलं होतं. ९ डिसेंबरला अमेरिकन नदीनं सॅक्रामेंटोच्या पूर्वेचा बांध फोडला.

इथे जरा थांबतो, कारण इथे एक गंमत आहे. गंमत म्हणायची आणि डोक्याला हात लावायचा. शहराभोवती बांध घातलेला होता, नदीला बाहेर ठेवण्यासाठी. पाणी एका बाजूनं आत शिरलं आणि दुसऱ्या बाजूच्या बांधाला तटलं. शहर म्हणजे भरलेला हौद झाला. बाहेर नदीची पातळी खाली आणि आत पाणी वर! शेवटी बेड्या घातलेले कैदी आणून दक्षिणेचा बांध फोडावा लागला. मग आतलं पाणी इतक्या जोरात बाहेर पडलं की वाटेतली घरंही सोबत गेली. स्वतःच्या पैशानं बांधलेला बांध स्वतःच फोडायचा! आमच्या शास्त्रात असल्या प्रसंगाला वदतोव्याघात म्हणतात. (हशा)

पाणी ओसरलं, लोकांनी चिखल उपसला, बांध बुजवला. आणि नाताळाच्या सुमारास पुन्हा पाऊस लागला तो जानेवारी संपेपर्यंत. सॅन फ्रान्सिस्कोत त्या एका जानेवारीत २४ इंचांहून जास्त पाऊस झाला, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या वर. पुण्याच्या अख्ख्या पावसाळ्याच्या जवळपास जातं हे. डोंगरउतारावरच्या सोनोरा गावी ११ नोव्हेंबर ते १४ जानेवारी या दोन महिन्यांत ७२ इंच पडल्याची नोंद आहे.

१० जानेवारी १८६२ हा नव्या गव्हर्नरच्या शपथविधीचा दिवस होता. गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड. पुढे ज्यांच्या देणगीतून त्यांच्या मुलाच्या नावे विद्यापीठ उभं राहिलं, तेच. त्याच दिवशी शहर दुसऱ्यांदा बुडालं. स्टॅनफर्डसाहेब नावेत बसून शपथ घ्यायला गेले. परत आले तोवर पाणी इतकं वाढलं होतं की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरावं लागलं, असं सांगतात. खिडकीचा तपशील थोडा रंगवलेला असेलही, नाव मात्र खरी. विधिमंडळानं काही दिवस दम धरला आणि मग राज्याचा सगळा कारभार बोटींनी सॅन फ्रान्सिस्कोला हलवला.

या पुराचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे विल्यम ब्रुअर. येलमध्ये शिकलेला कृषी आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक. राज्याच्या भूगर्भ पाहणीत नोकरीला होता आणि पूर्वेकडच्या आपल्या भावाला लांबलचक पत्रं लिहीत असे. ती पत्रं १९३०मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यानं लिहून ठेवलंय की खोऱ्यात २५० ते ३०० मैल लांब आणि सरासरी २० मैल रुंद असा जलाशय झाला होता. तारेच्या खांबांचे शेंडेसुद्धा पाण्याखाली होते, आगबोटी शेतांवरून चालत होत्या. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी ती तार पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नव्हते, बरं का. ब्रुअरच्या अंदाजानं राज्यातली करपात्र मालमत्ता चौथ्या हिश्श्यानं नष्ट झाली. म्हणजे कर गेला, आणि कर गेला म्हणजे पगार गेला. सरकारी नोकरांना कित्येक महिने पगार नव्हता, ब्रुअरलाही नव्हता. निवृत्त प्राध्यापकाला ही व्यथा लगेच कळते.

त्याचं एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटतं. तो म्हणतो, इथले लोक ही आपत्ती सहज सोसतात, कारण क्षणात मिळवणं आणि क्षणात गमावणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. सोन्याच्या मागे आलेली माणसं ती. ब्रुअर हे कौतुकानं म्हणतो की खेदानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

दक्षिणेत सांता अॅना नदीच्या काठी न्यू मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांचं एक गाव होतं, आग्वा मान्सा. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ शांत पाणी. २२ जानेवारीच्या रात्री ते शांत पाणी उठलं. गावच्या पाद्रीनं चर्चची घंटा वाजवत ठेवली, माणसं झोपेतून उठून उंचावर पळाली. सकाळी पाहतात तो चर्च आणि एक पक्कं घर सोडलं तर गाव नव्हतं. पण माणूस एकही दगावला नाही. ही घंटा लक्षात ठेवा. योग्य वेळी सांगणारा कुणी होता आणि ऐकणाऱ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

जानेवारीच्या अखेरीस हवा गारठली आणि वर पुन्हा बर्फ पडू लागलं. उत्तरेत कोलंबिया नदी गोठून आगबोटी अडकल्या. राज्यभर सुमारे दोन लाख गुरं बुडाली असा अंदाज आहे. माणसं किती गेली याचा खात्रीचा आकडा नाही, कारण मोजलीच गेली नाहीत. युबा नदीवर चिनी खाणकामगारांची एक अख्खी वस्ती वाहून गेल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. नावं नाहीत, वयं नाहीत, फक्त वस्ती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सॅक्रामेंटोवाल्यांना हे आधी कळण्याजोगं होतं का?

शहर वसलं १८४८-४९मध्ये. त्या प्रदेशात १८३९पासून ठाण मांडून बसलेला योहान सटर नदीपासून लांब, उंचवट्यावर किल्ला बांधून राहिला होता. त्याच्या मनातलं गावही दक्षिणेला उंच जागी होतं. पण सोनं निघालं, जहाजं धक्क्याला लागू लागली, आणि व्यापाऱ्यांना दुकानं धक्क्यालगत हवी होती. सटरच्या मुलानं नदीकाठी शहर आखलं. १८५०च्या जानेवारीत ते बुडालं. बांध घातला. १८५२मध्ये आणि १८५३च्या सुरुवातीला पुन्हा पाणी आलं, बांध वाढवला. मग आठेक वर्षं बरी गेली. १८६१मध्ये शहराचा एकूण अनुभव बारा वर्षांचा होता. त्या बारा वर्षांतलं सर्वांत मोठं पाणी म्हणजेच नदीचं सर्वांत मोठं पाणी, असं धरून बांधाची उंची ठरली.

हे अनुमान आहे. व्याप्ती बारा वर्षांवरून काढलेली. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारेल, बाबा रे, व्यभिचार नाही हे कशावरून ठरवलंस? म्हणजे हा नियम कुठेच मोडत नाही हे तू कुठवर पाहिलंस? पाहण्यापुरते दिवस तरी हाताशी होते का?

पण त्या खोऱ्यात बारा वर्षांपेक्षा कितीतरी जास्त पाहिलेले लोक होते. निसेनान, पटविन, दक्षिणेकडे योकुट्स, असे अनेक समाज. त्यांची गावं नदीकाठच्या उंचवट्यांवर असायची. पूर आला की टेकड्यांकडे जायचं, ओसरला की परत यायचं, ही त्यांची रीत. ११ जानेवारी १८६२ला नेवाडा सिटी या डोंगराळ गावच्या वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. मेरीझव्हिलजवळ राहणारे आदिवासी आठवड्यापूर्वीच वस्त्या सोडून टेकड्यांकडे गेले. जाताना गोऱ्यांना सांगून गेले की, गेल्या तीस वर्षांत आलं नाही इतकं पाणी येणार आहे. आणि झाडांवर, घरांवर उंच बोट दाखवून गेले, इथवर येईल म्हणून.

घाईनं निष्कर्ष काढू नका. मीसुद्धा ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा उभा राहिलो होतो, आणि असं उभं राहिलो की मला स्वतःचा संशय येतो. हे त्या लोकांचे शब्द नाहीत, गोऱ्या वार्ताहरानं लिहिलेले आहेत. डिसेंबरचा पूर होऊन गेलेला होता, तेव्हा पुन्हा पूर येईल हे म्हणायला ऋषी असायची गरज नव्हती. आदिवासींना निसर्गाचं गूढ ज्ञान असतं वगैरे जे हल्ली ऐकू येतं, त्याचाही मला कंटाळा आहे. गूढ काही नाही. माणसानं पाहिलेलं असतं, आजीनं सांगितलेलं असतं. पण एक तपशील माझी पाठ सोडत नाही. तीस वर्षं. म्हणजे १८३०च्या आसपासचं मोठं पाणी कुणाच्या तरी आठवणीत होतं आणि त्याची उंची त्यांना बोटानं दाखवता येत होती. शहराच्या बारा वर्षांपुढे ही तीस वर्षं.

मग त्यांचं कुणी ऐकलं का नाही? नुसता अहंकार म्हणून चालणार नाही, कारण तिथे रीतसर कायदा होता. १८५०मध्ये, म्हणजे पहिला बांध घातला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं ठरवलं की आदिवासीच्या साक्षीवरून कुठल्याही गोऱ्या माणसाला दोषी धरता येणार नाही. काळ्या लोकांचीही साक्ष गोऱ्याविरुद्ध चालायची नाही. पुढे जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्यानं लिंग सिंग या चिनी माणसाचा खून केल्याचा खटला चालला. चिनी साक्षीदारांनी साक्ष दिली, हॉलला फाशीची शिक्षा झाली. १८५४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. कायद्यात चिनी हा शब्दच नव्हता, मग कसं केलं? तर्क ऐका. कोलंबस जिथे उतरला ती आशियाच्या जवळची भूमी आहे असं त्याला वाटलं, म्हणून तिथल्या लोकांना त्यानं इंडियन म्हटलं. सबब इंडियन या शब्दात आशियातले लोकही आले. सबब चिन्यांची साक्ष बाद! कोलंबसाला आपला पत्ता सापडला नाही आणि त्या चुकीवर साडेतीनशे वर्षांनी एक खुनी सुटला. (हशा) हसू येतं खरं, पण लिंग सिंगच्या घरच्यांना काय वाटलं असेल?

हा खटला कुठला, माहीत आहे? नेवाडा परगण्यातला. त्याच नेवाडा सिटीच्या मुलखातला, जिथल्या वर्तमानपत्रानं पुढे ती बोट दाखवल्याची बातमी छापली.

आता इथे मला आपला वात्स्यायन आठवतो. कामसूत्रवाला नव्हे, न्यायभाष्यवाला. (हशा) शब्द हे प्रमाण केव्हा? तर आप्ताचं सांगणं असेल तेव्हा. आप्त कोण? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. इथवर सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पुढचं वाक्य परीक्षेत विचारत नाहीत म्हणून कुणी वाचत नाही. तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे. कुळ विचारायचं नाही. पाहिलंय का आणि खरं सांगतोय का, एवढंच विचारायचं.

मागून कुणीतरी विचारतंय की आपल्याकडे तरी ते पाळलं का. नाही पाळलं. साक्षीला कोण पात्र आणि कोण अपात्र याच्या मोठ्या याद्या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. एकाच संस्कृतीत भाष्यकार एक सांगतो आणि स्मृतिकार दुसरं. आपण इतरांकडे बोट दाखवताना हे विसरू नये, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

कायद्यामुळे पूर आला असं मी म्हणत नाही. पूर हवाईकडून आला. पण एखाद्या समाजानं काही माणसांचा शब्द न्यायालयात धरायचाच नाही असं ठरवलं की तो शब्द बाजारातही धरला जात नाही आणि बांधाची उंची ठरवतानाही नाही. सवय पडते. आणखी एक गोष्ट याहून वाईट आहे. १८३३मध्ये त्या खोऱ्यात तापाची साथ आली, बहुधा मलेरियाची, आणि गावंच्या गावं ओस पडली. सोन्याच्या गर्दीनंतर रोग, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली. १८४६च्या सुमारास दीड लाखांच्या आसपास असलेली कॅलिफोर्नियाची आदिवासी वस्ती १८७०पर्यंत तीसेक हजारांवर आली. म्हणजे १८३०चं पाणी पाहिलेली माणसं १८६१मध्ये उरलीच होती किती?

एक साक्षीदार मात्र उरला होता, तो म्हणजे गाळ. सांता बार्बराच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा एक खोलगट तळ आहे. तिथे प्राणवायू इतका कमी की तळ उकरणारे जीव फारसे जगत नाहीत, त्यामुळे गाळाचे थर वर्षानुवर्षं विस्कटत नाहीत. शास्त्रज्ञांनी ते थर काढून पाहिले. महापुरानं वाहून आणलेल्या मातीचे थर साधारण शंभर-दोनशे वर्षांच्या अंतरानं सापडतात. एक जाड थर १६०५च्या सुमाराचा आहे. १८६२ हा अपवाद नव्हताच. या साक्षीदाराचं कुळ कुणी विचारलं नाही, म्हणून त्याची साक्ष मान्य झाली.

पुरानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. सॅक्रामेंटोनं शहर हलवलं नाही, उचललं. अक्षरशः उचललं. पुढची दहाएक वर्षं रस्त्यांवर भराव टाकून ते दहा-बारा फुटांपर्यंत वर घेतले. इमारती जॅक लावून वर उचलल्या आणि ज्यांना परवडलं नाही त्यांनी तळमजल्याचं तळघर केलं. आजही जुन्या भागात गेलात तर बोळाची जमीन रस्त्यापेक्षा बरीच खाली दिसते. जावई मला तिथे घेऊन गेला होता. फरसबंदीखालच्या पोकळीत उतरलं की डोक्यावर १८७०चा रस्ता आणि पायाखाली १८६१चा.

मग आला दुष्काळ. १८६२ ते १८६४ पाऊस जवळजवळ आलाच नाही, आणि पुरातून वाचलेली गुरं तहानेनं मेली. माझ्या मते पुराची आठवण पुसली ती इथे. चिखल वाळायच्या आत धूळ उडायला लागली, मग पाण्याची भीती कोण धरून बसणार? शिवाय पूर्वेला यादवी युद्ध चालू होतं, देशाच्या इतिहासात त्या हिवाळ्याला जागा मिळाली नाही. माझ्या नातीच्या शाळेच्या पुस्तकात सोन्याच्या गर्दीवर अख्खा धडा आहे, पुराचा उल्लेख मला सापडला नाही.

अगदीच कुणी शिकलं नाही असं नाही. कोलुसा गावचे पत्रकार विल ग्रीन १८६०च्या दशकापासूनच सांगत होते की नुसते बांध उंच करू नका, नदीला पसरायला जागा द्या. त्यांची बरीच थट्टा झाली. मधल्या काळात डोंगरात पाण्याच्या झोतांनी सोनं काढणाऱ्या खाणींचा राडारोडा नद्यांत येऊन तळ वर आले. १८८४मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी तो टाकायला मनाई केली तेव्हा कुठे थांबला. अखेर विसाव्या शतकात शहराच्या पश्चिमेला योलो बायपास तयार झाला, पुराचं पाणी सोडायला राखलेली रुंद सखल जमीन. उन्हाळ्यात तिथे भात पिकतं आणि हिवाळ्यात सागर होतो. मी जानेवारीत महामार्गाच्या लांब पुलावरून तो सागर पाहिला. मुलीचं घर कोरडं राहिलं त्याचं बरंचसं श्रेय त्याला. २०११मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं १८६२सारखं वादळ आज आलं तर काय होईल याचा आराखडा मांडला. सुमारे पंधरा लाख लोकांना हलवावं लागेल आणि नुकसान ७२५ अब्ज डॉलर, असा त्यांचा हिशेब.

मी स्वतः पुण्याचा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांनी आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण कोळशानं ओढली होती. पुढे वाडा पाडला, इमारत झाली. नव्या बिऱ्हाडकरूला मी एकदा ती उंची हातानं दाखवली, तर तो हसून म्हणाला, काका, आता तसं नाही होत. तेव्हा झाडावर बोट दाखवणाऱ्या त्या माणसांच्या बाजूला मी थोडा झुकलेला आहे, हे कबूल करतो. ते धरून माझी साक्ष घ्या.

शेवटचं एक सांगतो. खोऱ्याच्या दक्षिणेला टुलारी नावाचं प्रचंड सरोवर होतं. १८६२मध्ये ते फुगून विस्तारलं. नंतर नद्या अडवून, कालवे काढून ते कोरडं केलं गेलं आणि तळात कापूस, टोमॅटो पिकू लागले. नकाशावरून सरोवर गेलं. मी भारतात परतल्यावर त्याच २०२३च्या मार्चमध्ये आणखी वादळं आली, सियेरावर सरासरीच्या दुपटीहून जास्त हिम साठलं आणि ते वितळून खाली आलं. हजारो एकर शेतं पाण्याखाली गेली, कॉर्कोरन गावाभोवतीचा बांध घाईनं उंच करावा लागला. बातम्यांत मथळे आले, सरोवर परतलं. तिथल्या ताची योकुट्स लोकांनी काठावर जाऊन आपली गाणी म्हटली. त्यांच्या भाषेत या सरोवराला पाआशी म्हणतात. शंभराहून अधिक वर्षं तिथे बहुतेक काळ पाणी नव्हतं, पण नाव त्यांनी टाकून दिलेलं नव्हतं.

दहा मिनिटं उरली आहेत. त्या मागच्या गृहस्थांचा प्रश्न मी मघाशी अर्धाच घेतला होता, तो आधी पुरा करू या.